मुलांसोबत ईस्टर: झावळ्यांच्या रविवारपासून रिकाम्या कबरेपर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मुलांचा नाताळ आपोआप होतो. अंगणात गोठा उभा राहतो, दारात चांदणी लागते, कॅरल गाणाऱ्या पोरांच्या मागे शेंबडी पोरंही धावतात. ईस्टरच्या वाट्याला हे येत नाही. तो येतो मार्च-एप्रिलच्या उन्हात, परीक्षांच्या ऐन धांदलीत. मोठी माणसं उपवास धरतात, लांबच्या लांब उपासनांना बसतात, आणि मुलं बाकावर चुळबुळत राहतात. मग रविवारी नवे कपडे, एखादं रंगीत अंडं, चॉकलेट, आणि झालं. येशू कसा मेला, कसा उठला, यातलं त्यांच्या हाताला काहीच लागत नाही.

घरात लहान मुलं असलेले नवे आईबाबा, यंदाच संडे स्कूलला उभे राहिलेले ताई-दादा, बदली होऊन इकडे आलेली किंवा नुकतीच विश्वासात आलेली कुटुंबं, यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं म्हणणं एकच आहे. मुलांना रविवारचा आनंद मिळावा असं वाटत असेल तर शुक्रवार त्यांच्यापासून लपवू नका, आणि शनिवार गाळू नका. त्यांना वाट बघू द्या. खाली सांगितलेली प्रत्येक गोष्ट या वाट बघण्याला मदत करणारी आहे.

आधी तारखा

२१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो. २०२६ मध्ये तो ५ एप्रिलला आहे, २०२७ मध्ये २८ मार्चला, २०२८ मध्ये १६ एप्रिलला. त्याच्या आधीचा रविवार झावळ्यांचा, मधला शुक्रवार उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. शुक्रवारची सुट्टी मिळते, सोमवारी मात्र सगळं नेहमीसारखं सुरू होतं. शाळेचं वेळापत्रक समोर ठेवून बघा. आठवड्यात पेपर असतील तर रोज पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेऊ नका. मी सुचवते त्यात त्याहून जास्त लागतही नाही, शनिवार सोडला तर.

आपल्या भागात दोन परंपरा शेजारी शेजारी नांदतात हे नव्या माणसाने लक्षात ठेवावं. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० साली सुरू झालं. त्या वाटेने पुढे उभ्या राहिलेल्या प्रॉटेस्टंट मंडळ्या मराठीत आणि कन्नडमध्ये उपासना करतात. दुसरीकडे गोव्याशी जुनं नातं असलेली कॅथलिक घरं आहेत, त्यांच्यात कोकणी पुष्कळ. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ साली गोव्यापासून वेगळा झाला. म्हणून एका गल्लीत 'पाळकसाहेब' आणि 'उपासना' ऐकू येईल, पुढच्या गल्लीत 'फादर' आणि 'मिस्सा'. तुमच्या मंडळीत जे चालतं ते आधी विचारून घ्या. माझ्या यादीतलं काही त्याच्याशी जुळत नसेल तर ते सोडून द्या, बाकीचं पुरेसं आहे.

सामान

विकत घ्यावं लागेल असं फार थोडं आहे. एक पसरट परात किंवा जुना ट्रे, मूठभर गहू, नारळाची एक-दोन झावळ्यांची पाती, रिकाम्या आठ काड्यापेट्या, सुतळी, जुन्या पांढऱ्या धोतराचा किंवा साडीचा तुकडा, एक जाड पांढरी मेणबत्ती आणि स्वयंपाकघरातले खडे मसाले. ईस्टरआधीचा उपवासकाळ अर्धा झाला की कांद्याची सुकी सालं एका पिशवीत साठवायला लागा. मेणबत्ती बेळगावच्या खडे बाजारात किंवा गावातल्या कोणत्याही किराणा दुकानात मिळेल. थर्माकोल आणि प्लॅस्टिकची अंडी आणू नका. पैसे जातात, आणि चार दिवसांनी कचरा तुमच्याच दारात येतो.

परातीत कबर करायला मातीची गुहा लागते. आपल्याकडे ती जवळजवळ तयार मिळते. जुन्या घरावरचं नळीचं कौल असेल तर त्याचा वीतभर तुकडा पालथा ठेवला की झाली गुहा. कौल नसेल तर खानापूरकडच्या कुंभारांकडून ओंजळभर माती आणा. तो तालुका मातीकामासाठी ओळखीचाच आहे. मातीची गुहा केली तर ती सावलीत वाळवा. उन्हात ठेवली तर तडकते. दाराशी लावायला चपटा, गोलसर दगड मुलांनाच शोधून आणू द्या. दगड निवडण्यात त्यांचा अर्धा तास जातो, आणि जाऊ द्यावा.

झावळ्यांच्या रविवारी: क्रूस आणि बाग

आदल्या रात्री गहू भिजत घाला. आठ-दहा तास पुरे. सकाळी चर्चहून आल्यावर परातीत दोन-अडीच इंच माती पसरा. एका कोपऱ्यात कौलाची गुहा बसवा, तिच्या पाठीवर आणि बाजूंना माती थापा, आणि उरलेल्या जागेत भिजलेला गहू दाट पसरून वर मातीचा पातळ थर द्या. नवरात्रात शेजारी गहू पेरतात तसंच हे आहे, त्यामुळे काही अडलं तर गल्लीतली कुठलीही आजी सांगेल. पाणी हाताने शिंपडायचं, ओतायचं नाही. फार ओल झाली की बुरशी धरते. मार्च-एप्रिलच्या उष्म्यात दोन-तीन दिवसांत मोड वर दिसतात आणि पुढच्या रविवारपर्यंत हिरवं रान होतं. परात उजेडात ठेवा, अंधारात कोंब पिवळे पडतात.

येशूला जिथे क्रूसावर दिलं तिथे एक बाग होती आणि त्या बागेत नवी कबर होती, असं योहान लिहितो. म्हणूनच बाग आणि कबर एका परातीत. याच शुभवर्तमानात येशू गव्हाच्या दाण्याचा दाखला देतो: दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो. हे मुलांना पेरतानाच सांगू नका. बुधवारी-गुरुवारी एखादा दाणा उकरून दाखवा, फुगून फाटलेला, खाली मूळ आणि वर कोंब आलेला, आणि तेव्हा वाचा. नऊ-दहा वर्षांचं मूल विचारेलच, 'मग दाणा मेला की जगला?' लगेच उत्तर देऊ नका. त्याला परातीकडे बघत बसू द्या.

झावळीचा क्रूस दहा मिनिटांत होतो. एका पातीची मधली हीर काढली की दोन पट्ट्या मिळतात. एक वीतभर लांब ठेवा, दुसरी त्याच्या निम्मी कापा. आडवी पट्टी उभीवर ठेवा, वरच्या बाजूला थोडं कमी अंतर सोडून. हिरेजवळची बारीक धांदोटी घ्या, जोडावर एकदा डावीकडून उजवीकडे तिरकी आणि एकदा उजवीकडून डावीकडे तिरकी गुंडाळा, आणि टोक मागच्या बाजूला खोचा. पाती सुकली असेल तर अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. अथणीकडे नारळ कमी, पण शिंदी असेल तर तिचं पान चालतं. शिंदी ही खजुरीची सख्खी बहीण, आणि योहानाच्या शुभवर्तमानात लोक खजुरीच्या झावळ्या घेऊनच येशूला सामोरे गेले. मात्र शिंदीच्या देठाशी काटे असतात, ते मोठ्यांनी आधी काढावेत.

आठ काड्यापेट्या

पेट्या पांढऱ्या कागदाने मढवा आणि रविवार ते रविवार वारांची नावं घाला. मुलांना चित्रं काढायची असतील तर काढू द्या. आत काय आहे ते कोणाला सांगायचं नाही. रोज रात्री जेवणानंतर एकच पेटी उघडायची आणि त्या दिवसाचा उतारा वाचायचा. शेवटची पेटी मात्र रविवारी पहाटे.

पहिल्या रविवारी झावळीचा तुकडा. सोमवारी पारव्याचं पीस. येशूने मंदिरातल्या सराफांचे चौरंग आणि कबुतरं विकणाऱ्यांच्या बैठका उलथून टाकल्या, आणि मार्काच्या वृत्तांतात ते झावळ्यांनंतरच्या दुसऱ्या दिवशी येतं. मंगळवारी दोन लहान नाणी: दानपेटीत आपलं सगळं टाकणाऱ्या गरीब विधवेची. मुलांना ही गोष्ट फार आवडते, कारण तीत कोणीतरी लहान, कोणाच्या नजरेत न येणारं माणूस येशूच्या नजरेत येतं.

बुधवारी अत्तराचा फाया. बेथानीत एका बाईने येशूच्या डोक्यावर मौल्यवान सुगंधी तेल ओतलं, आणि त्याच सुमारास यहूदा या शिष्याने येशूला धरून द्यायचा पैशांचा सौदा केला. ते तेल जटामांसीचं होतं. जटामांसी आपल्या हिमालयात उगवते. इतक्या दूरचा वास त्या घरात दरवळला हे मुलांना सांगा आणि फाया हातोहात फिरवा. नाकाने शिकलेलं मूल विसरत नाही. गुरुवारी पंचाचा तुकडा, शुक्रवारी बाभळीचा काटा, शनिवारी खडा. आणि शेवटच्या रविवारची पेटी रिकामी.

पाच वर्षांखालची मुलं असतील तर काटा आणि नाणी तुमच्याच हातात ठेवा, तोंडात जाण्याची भीती असते. काट्याऐवजी काट्याचं चित्र चालेल.

गुरुवार: पाय धुणं

बाहेरून आलेल्या माणसाला पाय धुवायला तांब्याभर पाणी द्यायची रीत आपल्या खेड्यांत अजून आहे. म्हणून येशूने शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले हा प्रसंग आपल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. त्यांना फक्त इतकं कळायला हवं की पाणी देणं वेगळं आणि दुसऱ्याचे पाय स्वतः धुणं वेगळं. संध्याकाळी दुसरी एखादी परात, तांब्या, पंचा घ्या. आई-बाबांनी मुलांचे पाय धुवावेत, आजोबांनी नातवंडांचे. उलट बाजूने सुरू करू नका. थोरांचे पाय धुणं आपल्याकडे मानाचंच समजलं जातं, त्यात नवं काही नाही. थोरला खाली वाकतो तेव्हा मुलं गप्प होतात. बोलायची गरज पडत नाही.

त्यानंतर साधं जेवण, भाकरी आणि द्राक्षं. विजापूर-अथणीकडची द्राक्षं या दिवसांत बाजारात असतात. प्रभुभोजनाची नक्कल मात्र मुलांकडून करून घेऊ नये असं माझं मत आहे. ते मंडळीचं आहे, खेळण्याचं नाही. जेवता जेवता गोष्ट सांगा, तेवढं पुष्कळ.

शुक्रवार

इथे आईवडील दोन टोकांना जातात. काही जण मुलांना काहीच सांगत नाहीत, 'लहान आहेत, घाबरतील' म्हणून. काही जण रक्त आणि खिळ्यांचं इतकं वर्णन करतात की मूल रात्री झोपत नाही. सहा वर्षांच्या मुलाला इतकं पुरतं: येशूने काही वाईट केलं नव्हतं, तरी त्याला क्रूसावर खिळलं, तो मेला, आणि त्याच्या आईने ते बघितलं. 'मेला' हाच शब्द वापरा. 'झोपला' म्हणू नका. मुलं मग झोपायला भितात, आणि घरातलं कोणी गेलं असेल तर त्यांचा गोंधळ आणखी वाढतो. ज्या घरात याच वर्षी कोणी वारलं आहे तिथे मुलाला आधी बोलू द्या. आजोबांबद्दल विचारलं तर आजोबांबद्दल बोला. शुक्रवार त्यासाठीच आहे.

आणि 'यहुद्यांनी मारलं' असं सांगू नका. येशू यहुदी, त्याची आई यहुदी, रडणाऱ्या स्त्रिया आणि सगळे शिष्य यहुदी. क्रूसाची शिक्षा रोमी होती आणि हुकूम रोमी सुभेदार पिलाताचा होता. अनेक जाती-धर्मांच्या गल्लीत राहणाऱ्या मुलाच्या मनात एखाद्या समाजाविषयी दोष पेरणं हे या दिवसाला शोभत नाही.

बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दुपारी बारा ते तीन येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर उपासना चालते. तीन तास लहान मुलाने बसावं अशी अपेक्षाच करू नका. पण हातात सुतळीचा हातभर तुकडा द्या आणि सांगा, प्रत्येक उद्गार वाचला की एक गाठ मार. पाच-सहा वर्षांचं मूलही या गाठींच्या आधाराने बराच वेळ तग धरतं, कारण त्याला कळतं की आपण कुठे पोचलो. दोन गाठींनंतर बाहेर न्यावं लागलं तरी हरकत नाही, घरी आल्यावर उरलेल्या मारता येतात. कॅथलिक घरांत हीच सुतळी क्रूसाच्या वाटेच्या चौदा स्थानांसाठी वापरा. त्या दिवशी मिस्सा नसतो, दुपारचा विधी वेगळा असतो, हेही मुलांना आधी सांगा. वेदी उघडी का, घंटा का नाही, असे प्रश्न येणारच.

उपवासाचा मुद्दा पालक हमखास विचारतात. कॅथलिक नियमात मांसवर्ज्य चौदाव्या वर्षापासून आणि उपवास अठराव्या वर्षापासून लागू होतो. एप्रिलच्या उन्हात लहानांना उपाशी ठेवू नका. त्यांना एखादी आवडती गोष्ट सोडावीशी वाटली, टीव्ही किंवा गोड, तर ती त्यांनी स्वतः ठरवावी.

संध्याकाळी परातीशी या. पांढऱ्या कापडाची छोटी गुंडाळी कौलाच्या गुहेत ठेवा आणि दगड दाराशी सरकवा. दगड मुलांनी सरकवायचा. अरिमथाईच्या योसेफाने स्वतःसाठी खोदलेली नवी कबर दिली, एवढं वाचा आणि थांबा. गाणं नको, समजावणं नको.

शनिवार

या दिवशी चर्चमध्ये दिवसभर काही नसतं आणि म्हणूनच हा दिवस विसरला जातो. माझ्या मते मुलांसाठी सगळ्यात मोलाचा दिवस हाच. कोणीतरी विचारतंच:

'आई, येशू आज कुठं आहे गं?'

'कबरेत.'

'मग उद्या उठणार ना?'

'आपल्याला माहीत आहे. पेत्राला माहीत नव्हतं. मरीयेला पण नव्हतं. त्या रडत बसल्या होत्या.'

मुलांना शेवट ठाऊक असतो, तो त्यांच्यापासून काढून घेता येत नाही आणि घेऊही नये. पण ज्यांना शेवट ठाऊक नव्हता त्यांच्याजवळ एक दिवस बसता येतं. आजारी माणसाला भेटायला, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या शेजारणीकडे मुलांना घेऊन जायला हा दिवस चांगला.

मग मसाल्याची पुरचुंडी. लूक लिहितो की स्त्रियांनी सुगंधी द्रव्यं तयार केली, शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पाळला आणि पहाटे ती घेऊन कबरेकडे निघाल्या. प्रत्येक मुलाला रुमालाएवढं पांढरं कापड द्या, त्यात दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, दोन वेलदोडे, आणि सुतळीने बांधू द्या. ही पुरचुंडी उशाशी ठेवून झोपायचं. येशूला पुरताना निकदेम नावाच्या माणसाने गंधरस आणि अगरू यांचं मिश्रण आणलं होतं ते आजच्या मापाने तीस किलोंच्या वर भरतं, हे थोरल्या मुलांना सांगा. पोत्याने मसाला! मेलेल्या माणसाला इतका मान देणारे लोक तो उठेल अशी आशा करत नव्हते, हे त्यांच्या ध्यानात येतं.

दुपारी अंडी रंगवा. मध्ययुगात युरोपात उपवासकाळात अंडी खात नसत, त्यामुळे ती साठत आणि ईस्टरला मुबलक असत. पूर्वेकडच्या मंडळ्यांत ती लाल रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून. आपल्या घरी रंग असा करा: अर्धा लिटर पाण्यात कांद्याची दोन मोठ्या मुठी सालं वीस मिनिटं उकळा, गाळा, गार करा, त्यात प्रत्येक कपामागे एक मोठा चमचा व्हिनेगर घाला. व्हिनेगरच्या आंबटपणाने कवच किंचित खरखरीत होतं आणि रंग धरतं. पांढऱ्या कवचाची अंडी या पाण्यात ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं शिजवा. तांबूस तपकिरी रंग चढतो. हळदीने पिवळा येतो, बीटने गुलाबी. शिजवण्याआधी ओल्या अंड्यावर कोथिंबिरीचं पान चिकटवून वरून पातळ सुती कापड घट्ट बांधलं तर पानाची नक्षी उमटते. मुलं कापड सोडतात तो क्षण बघण्यासारखा असतो. वाळल्यावर तेलाचा एक थेंब फिरवा. उन्हाळा आहे, म्हणून रंगवलेली अंडी फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं उकडलेलं अंडं मुलांना देऊ नका.

संडे स्कूलमध्ये किंवा शेजारात अंडी न खाणाऱ्या घरांतली मुलं असतात. लिंगायत, जैन घरं आपल्या गल्लीत असणारच, आणि त्यांची मुलं आपल्या मुलांबरोबर खेळायला येतात. त्यांच्यासाठी माती आणि शेणखत सारखं घेऊन अंड्याच्या आकाराचे गोळे करा, आत झेंडूच्या चार बिया ठेवा, सावलीत वाळवा, वर गेरू किंवा चुना लावा. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की हे गोळे कुंपणाकडेला टाकायचे. हे काम इतकं रमवणारं आहे की अंडी खाणाऱ्या घरांतही मी हेच आधी करायला सांगेन.

रात्री मेणबत्ती. कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी रात्री मोठी पास्कल, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती पेटवतात. तिच्यावर क्रूस, त्या वर्षाचे आकडे आणि ख्रिस्ताच्या पाच जखमांसाठी धुपाचे पाच खडे असतात. घरच्या मेणबत्तीवर खिळ्याच्या टोकाने क्रूस आणि साल कोरा, कोरलेल्या रेघांत तेलखडूचा रंग भरा, आणि धुपाऐवजी पाच लवंगा खालच्या भागात क्रूसाच्या आकारात टोचा. ज्योत लवंगांपर्यंत उतरण्याआधी विझवायची. ती आज पेटवायची नाही.

रविवार, पहाट

मोठ्यांनी मुलांच्या आधी उठायचं. दगड बाजूला सारायचा, कापडाची गुंडाळी सोडवून त्याची नीट घडी घालायची. योहान सांगतो की डोक्याला बांधलेला रुमाल वेगळा, गुंडाळून ठेवलेला होता. मग मुलांना अंधारातच उठवा. पुरचुंड्या हातात घेऊन ती परातीशी येतील. काही बोलू नका. जो पहिल्यांदा बघेल त्याला ओरडू द्या.

आता मेणबत्ती पेटवा आणि योहान, अध्याय २०, पहिली अठरा वचनं मोठ्याने वाचा. मग्दालीया मरीयेला येशू माळी वाटतो, आणि तो तिला नावाने हाक मारतो तेव्हा ती ओळखते. तिथे थांबा आणि प्रत्येक मुलाला त्याच्या नावाने हाक मारा. आठवी काड्यापेटी उघडा. मग एकाने म्हणायचं, 'ख्रिस्त उठला आहे!' आणि बाकीच्यांनी, 'खरोखर उठला आहे!' शेजारच्या कन्नड घरासाठी मुलांना हेही शिकवा: 'येसु एद्दिद्दाने! निजवागियू एद्दिद्दाने!' खालच्या घरातल्या आजी दारात ऐकून काय खूश होतात ते बघा.

काही मंडळ्या पहाटेची उपासना कब्रस्थानात करतात. तुमची करत असेल तर मुलांना जरूर न्या, मोगऱ्याची चार फुलं आजी-आजोबांच्या कबरीवर ठेवायला त्यांच्या हाती द्या. जी जागा एरवी भीतीची वाटते तिथे सगळी मंडळी उभी राहून गाते, हे मुलाने एकदा तरी बघावं.

पुरचुंड्यांचं काय करायचं? स्त्रियांनी नेलेले मसाले वापरावेच लागले नाहीत. म्हणून आपल्या लवंगा-वेलदोडे सोडवून घ्या आणि सकाळच्या खिरीत घाला. खिरीबरोबर पुऱ्या. मुलांनी लाटायच्या, मोठ्यांनी तळायच्या. टम्म फुगलेली पुरी ताटात आली की पोराला फोडू द्या: आत कोणी नाही! धाकट्यांना रिकामी कबर सांगायला मला याहून सोपी गोष्ट माहीत नाही, आणि ओव्हनही लागत नाही.

खीर-पुरीची ताटं झाकून गल्लीत वाटा, मुलांच्या हातून. दिवाळीचा फराळ आणि ईदचा शिरखुर्मा आपल्याकडे येतोच. ताट नेणाऱ्या मुलाला कोणी विचारलं, 'आज काय आहे रे?' तर त्याला स्वतःच्या शब्दांत एक वाक्य सांगता आलं पाहिजे. ते पाठ करून घेऊ नका. आठवडाभर त्याने हात घातला असेल तर त्याला सांगता येईल.

ससा आणि चॉकलेट यांना माझा विरोध नाही. दुपारी अंडी लपवण्याचा खेळ घ्या, मुलं खूप धावतात. फक्त तो पहाटेच्या आधी नको.

त्यानंतरचे दिवस

ईस्टरचा काळ पन्नासाव्या दिवसापर्यंत, पेंटेकॉस्टपर्यंत चालतो, त्यामुळे रविवारी रात्रीच सगळं आवरून ठेवू नका. सोमवारी संध्याकाळी ऊन उतरलं की मुलांना घेऊन चालायला जा आणि चालता चालता अम्माऊसच्या वाटेची गोष्ट सांगा, उठलेला येशू वाटेत दोन शिष्यांना भेटला ती. यरुशलेम ते अम्माऊस साठ स्टेडिया, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर. बेळगाव-खानापूर अंतराच्या निम्म्याहून कमी, हे मुलांना लगेच कळतं. पुढच्या रविवारी, येशू उठला यावर आधी विश्वास न ठेवणाऱ्या थोमाची गोष्ट घ्या, विशेषतः जे मूल सारखं 'पण कशावरून?' विचारतं त्याच्यासाठी.

गव्हाचं रान पिवळं पडायला लागलं की शेजारच्या गाईला किंवा शेळीला घाला. काड्यापेट्या बांधून माळ्यावर ठेवा. पुढच्या वर्षी धाकट्याला त्या भरायला सांगा, तेव्हा त्याला काय आठवतं ते कळेल. मेणबत्ती पेंटेकॉस्टपर्यंत दर रविवारी जेवणाच्या वेळी थोडा वेळ लावा. झावळीचा क्रूस बायबलमध्ये किंवा फोटोमागे वर्षभर राहू द्या. कॅथलिक घरांनी तो पुढच्या वर्षी उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आधी चर्चमध्ये नेऊन द्यावा, त्या दिवशी कपाळाला लावायची राख याच जुन्या झावळ्यांची करतात.